बाप व्हायचंय? मग डबा उघडा!

पुरुषबंधूंनो, मूल होत नाहीये? काळजी नको. तपासणी सोडून बाकी सगळं करा. आमच्याकडे हा प्रयोग चौदा महिने चालू आहे. परवा शुक्राणू वाढवायच्या पावडरीचा सहावा डबा नवऱ्याने घरात आणला. त्यावर फुगलेल्या दंडाचं चित्र. दंडाचा आणि शुक्राणूंचा संबंध काय, असं विचारायचं नसतं.

डब्यामागची बारीक अक्षरं मुळीच वाचू नका. मी वाचली, तिथेच चुकलं. पावडरीत झिंक ३० मिलिग्रॅम, गोळीत २५, 'खास पुरुषांसाठी'च्या कॅप्सूलमध्ये आणखी ५०. झाले १०५! पुरुषाला दिवसाला ११ च्या आसपास पुरतं, ४० च्या वर जाऊ नये. रोजच जास्त गेलं तर अंगातलं तांबं कमी होतं. हे नवऱ्याला सांगितलं तर उत्तर आलं, "जास्त घेतलं की लवकर फरक पडेल." अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२० साली आले. पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं. ना शुक्राणू सुधारले, ना जास्त बाळं जन्मली. पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तुम्ही दर पंधरा दिवसांनी डबा बदला.

सिगारेट ओढत राहा, वरून व्हिटॅमिन सी घ्या.

भाज्या, फळं, मासे, अक्रोड? छे, त्यात स्कूप कुठे असतो!

जिममधल्या कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर जरूर घ्या. बाहेरून आयता पुरवठा सुरू झाला की मेंदू वृषणांना निरोप धाडणंच बंद करतो. शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. पण दंड? अगदी डब्यावरच्यासारखे!

आणि हो, बायकोला तपासायला पाठवत राहा. माझ्या तीन सोनोग्राफ्या झाल्या, रक्त किती वेळा काढलं ते मोजणं सोडलं. गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला डाय टाकून एक्स-रे काढला. टेबलावर पाय दुमडून पडले होते. कळ आली तेव्हा अनोळखी नर्सचा हात घट्ट धरला. हे महाशय बाहेर गाडीत बसून शेकर हलवत होते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. तो कागद अजून फ्रिजवर चुंबकाखाली लटकतोय. माझ्या सगळ्या ओळींवर टिक आहे. यांची एकच ओळ, वीर्यतपासणीची, ती कोरी.

पुरे झालं आता. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण सापडतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का? वृषणाच्या शिरा फुगल्या असतील, शुक्राणूंची वाट कुठे बंद असेल, तर पावडर तिथे काय करणार आहे? दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, एका डबीत वीर्याचा नमुना द्यायचा, तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा. ना सुई, ना कळ. त्यातही लाज वाटते? मग बायकोला टेबलावर झोपवताना कुठे गेली होती ही लाज? उद्याच जा. तुमचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत मी एकही सुई टोचून घेणार नाही.