कंबर दुसऱ्याची, सल्ला तुमचा

ओळखीत कुणाला स्लिप डिस्क झाल्याचं कानावर आलंय? मग बसलात काय, उठा की! पेशंट आडवा पडलाय, पळून जाऊ शकत नाही, अशी संधी परत मिळत नसते. सध्या माझ्या कृपेने समस्त नातेवाईक, शेजारी, झालंच तर गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं, सगळ्यांनी या संधीचा लाभ घेतलाय, तेव्हा सल्ला नेमका कसा द्यायचा याचा माझा बऱ्यापैकी अभ्यास झालाय. तो नवोदितांसाठी देतोय.

पहिलं म्हणजे नक्की काय झालंय ते ऐकून घ्यायचं नाही. पेशंट "एल-फाइव्ह एस-वनला..." एवढं बोलला की "हां हां, मणक्यात गॅप ना" म्हणून त्याला तिथेच थांबवा. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतोय, कुल्ल्यापासून पोटरीतून पार करंगळीपर्यंत सणकन कळ जाते असं तो कळवळून सांगत असेल तर म्हणा, पायाला तेल लावा.

एमआरआयचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर मागवून घ्या. वाचता आला नाही तरी काही बिघडत नाही, 'बल्ज' म्हणजे फुगवटा, हा शब्द त्यात कुठेतरी असतोच, तो सापडला की उत्तरात फक्त "बापरे" लिहायचं. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढून बघितले होते, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची दोन मणक्यांमधली एखादी तरी गादी, म्हणजे डिस्क, फुगलेली निघाली, म्हणजे उद्या तुमचाही काढला तर बरंच काही सापडेल. पण बापरे मात्र पेशंटच्याच रिपोर्टला.

पेनकिलर घेतली तर "किडनी जाईल हां", नाही घेतली तर "सहन कशाला करताय".

तीन महिने पलंगावरून हलायचं नाही असं दटावून सांगा. डॉक्टर एक-दोन दिवसांतच जमेल तसं चालायला लावतात, कारण नुसतं पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले पडतात, पण डॉक्टरांना काय कळतंय.

फिजिओला पैसे कशाला, यूट्यूबवर सगळं आहे.

आता पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस. परवा एक गृहस्थ, मी एकटा आहे हे बघून, त्यांच्या पायाळू भाच्यालाच घेऊन आले. उसण भरली की पायाळू माणसाने लाथ मारायची, हे आपल्याकडे आहेच. अहो पण उसण वेगळी, ही फुटलेली गादी आहे, हे मी उताणा पडून सांगतोय आणि तो बिचारा अकरावीतला पोरगा एका हातात मोबाईल धरून, एका पायातला मोजा काढत मला अगदी आदराने विचारतोय, "काका, डावीकडे मारू का उजवीकडे?" मी ओरडलो तर गृहस्थच नाराज. चांगल्यासाठी आणलं होतं म्हणे.

ऑपरेशनचा विषय निघाला की तुमच्या साडूंना पुढे करायचं. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि कायमचा बसला, असा एक साडू प्रत्येकाकडे असतोच. कुठलं ऑपरेशन, कधी, स्क्रू टाकले होते का, असं काही विचारलं की साडूंचा फोन लागत नाही. आता डिस्कचं जे करतात, मायक्रोडिस्केक्टॉमी, त्यात दोन-तीन सेंटिमीटरची चीर असते, नसेवर आलेला तेवढाच तुकडा काढतात आणि बहुतेक पेशंट त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी चालायला लागतो. बरं, ते सगळ्यांना लागतंच असंही नाही. २००७ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतली नस दाबून पायात कळ जाणाऱ्या, २८३ पेशंटवर केलेला अभ्यास आला, काहींचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबवून ठेवलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय दुखायचा लवकर थांबला हे खरं, पण वर्षाने बघितलं तर दोन्हीकडचे ९५ टक्के बरे झालेले, फक्त थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं होतं. म्हणजे लवकर सुटायचं का कळ काढायची हे पेशंटने आणि त्याच्या सर्जनने ठरवायचं असतं, साडूंनी नाही.

आणि आता तुमचा हुकमी एक्का, गादी बसवून देणारा. हायवेला पेट्रोलपंपाच्या मागे, फक्त गुरुवार-रविवार, पहाटे नंबर लावायचा, उपाशीपोटी जायचं आणि डॉक्टरचा रिपोर्ट न्यायचा नाही, त्याला नुसता हात लावला की समजतं. अहो, गादीचं बाहेरचं कडं फाटून आतला गर मागे आलाय आणि नसेवर दाबून बसलाय, तो हा वरून अंगठ्याने आत कसा ढकलणार, मध्ये कातडी आहे, जाडजूड स्नायू आहेत, हाड आहे! "पण आमच्या वहिनींना फरक पडला." पडणारच ना! सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांना फरक पडतो, आलेला तुकडा शरीर हळूहळू स्वतःच जिरवतं, अगदी तुटून सुटा झालेला तुकडासुद्धा, म्हणजे त्या बाबाकडे जाण्याऐवजी वहिनी घरी टीव्ही बघत बसल्या असत्या तरी फरक पडला असता आणि पैसेही वाचले असते. आणि ज्यांना नाही पडत त्यांचं काय? आमच्या ऑफिसातल्या एकाला असंच नेलं होतं. चालताना चप्पल पायातून गळून पडायची आणि मागून कुणीतरी हाक मारल्यावर त्याला कळायचं. पायाचा अंगठा वर उचलला जाईना. तो बाबा म्हणतो नस मोकळी होतेय, अजून या. घरचे म्हणतात बाबा म्हणतोय ना, मग जाऊ अजून. ऑपरेशन झालं पण फार उशिरा, आजही तो पाऊल घासत चालतो, आणि ज्यांनी नेलं ते आता मला त्याच बाबाचा नंबर पाठवतायत. लाज वाटत नाही? फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात तुम्हाला, पाय दुसऱ्याचा जातो.

काही सांगायचंच असेल तर हे सांगा. पाऊल उचलेनासं झालं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, लघवी अडली किंवा झालेली कळली नाही, संडासवरचा ताबा गेला, यातलं एक जरी झालं तरी तेल नाही, शेक नाही, "सकाळी बघू" नाही, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी काढायची आणि जिथे एमआरआय आणि स्पाइन सर्जन दोन्ही आहेत अशा हॉस्पिटलात थेट इमर्जन्सीला न्यायचं. तिथे तासांवर सगळं असतं, एकदा लघवीच्या नसा गेल्या की परत येतीलच असं नाही. हे मला एकानेही सांगितलं नाही. इतके येऊन गेले, चहा पिऊन गेले, एकानेही नाही.

आणि भेटायला यायचंच असेल तर गॅसचा सिलेंडर दारात उभा आहे, तो आत नेऊन लावून द्या. लाईटबिल भरायचंय. ओपीडीच्या लाईनीत माझ्याऐवजी फाईल घेऊन उभे राहा, मला खुर्चीवर तेवढा वेळ बसवत नाही. यातलं काही जमणार नसेल तर कृपा करून घरीच थांबा.