डोक्यातला पाणघोडा

चतुर्थीच्या आदल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराजवळ स्कूटर लावायला जागा मिळणं हा कुंडलीतला योग असतो. तो त्या दिवशी माझ्या वाट्याला आला. त्या आनंदात बायकोला फोन करून थोडी बढाई मारली, किल्ली खिशात टाकली आणि मागं वळूनही न बघता माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या बाजाराच्या गर्दीत शिरलो. इथवरची चूक माझी, कबूल.

दीड तासानं बाहेर पडलो तेव्हा एका हातात सुपारीचं शिपटं, दुसऱ्यात नारळ, दंडाला कांगलांची, म्हणजे माटोळीच्या रानफळांची पिशवी आणि पोटाशी धरलेला चिबूड असा माझा अवतार होता. पाऊस मधेच काहीतरी आठवल्यासारखा येत होता आणि विसरल्यासारखा जात होता. मी ठाम पावलांनी औषधाच्या दुकानासमोर गेलो. तिथं माझी करडी अ‍ॅक्टिव्हा नव्हती. म्हणजे करड्या अ‍ॅक्टिव्हा सतरा होत्या, माझी नव्हती.

इथं एक लाजिरवाणी गोष्ट सांगायला हवी. मी सव्वीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हिप्पोकॅम्पस या अवयवाची आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढत असे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, बोटाएवढी वळलेली ही जोडी. काय घडलं आणि कुठं घडलं, ही नोंद तिच्या हवाली. 1587 साली आरांझी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं तिला समुद्रघोड्याचं नाव दिलं, पण त्याला ती रेशमाच्या अळीसारखीही वाटत होती. पुढं 1779 मध्ये मायर नावाच्या गृहस्थानं चुकून समुद्रघोड्याचा पाणघोडा करून टाकला, आणि ही चूक दुरुस्त व्हायला 1829 उजाडलं. स्मरणशक्तीच्या अवयवाचं नावच पन्नास वर्षं विद्वानांच्या लक्षात राहिलं नाही! मी तर एक स्कूटर विसरलो होतो.

दुसरी फेरी, मग तिसरी. शकुंतलेच्या पुतळ्याजवळ उभा राहून विचार केला, की दुष्यंत निदान शापामुळं विसरला होता, आणि आठवण देणारी अंगठीही हरवली होती. माझी किल्ली हातात आहे आणि तरी माझी शकुंतला सापडत नाही. शेजारच्या फुलकार बाईनं मला निरखून पाहिलं.

"बाब, तिसरे फावट आयला तूं. कांगलां आनी जाय?"

"नको गो. स्कूटर शोधतोय."

"खंय दवरल्या?"

हा प्रश्न हिप्पोकॅम्पसला विचारायचा असतो. 1971 साली जॉन ओकीफ यांनी उंदरांच्या मेंदूत दाखवलं, की उंदीर अमुक कोपऱ्यात आला की एक विशिष्ट पेशी जागी होते, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी. स्थळपेशी त्या. शेजारच्या भागात जाळीच्या आखणीसारख्या जागांवर जागणाऱ्या पेशी मोझर दांपत्याला 2005 मध्ये सापडल्या, आणि 2014 चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. म्हणजे म्हापशाच्या बाजारातला कुठलाही उंदीर या क्षणी माझ्यापेक्षा जास्त ठिकाणावर होता. लंडनच्या टॅक्सीवाल्यांची तर गोष्टच वेगळी. परवान्यासाठी त्यांना सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात, आणि 2000 साली एलिनॉर मग्वायर यांनी तपासलं तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. माझा मागचा भागही वाढलाय, पण तो मेंदूतला नव्हे.

चष्म्यावर थेंब असल्यामुळं नंबर वाचता येईना. मग मी प्रयोगशाळेतला मार्ग धरला: जी करडी दिसेल तिला किल्ली लावून पाहायची. शिपटं हुकाला अडकवलं आणि चौथ्या स्कूटरशी झटापट करत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"किदें करता रे?"

साठीचे गृहस्थ. एका हातात छत्री, दुसऱ्यात माटोळीचं तोरिंगणाचं फळ. मी घाबरलोच. चिबूड पोटाशी धरून समजावू लागलो. समुद्रघोड्यात पिल्लं पोटाच्या पिशवीत नर वागवतो, तसा दिसत असणार. गृहस्थांनी वाकून नंबर वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, ही म्हजीच! अर्दो तास सोदतां मरे!"

माझे दोनदा हात धरून आभार मानले आणि स्कूटर काढून भुर्रकन गेले. माझ्याकडून त्या दिवशी एक तरी स्कूटर सापडली.

शेवटी बायकोला फोन लावला.

"अहो, औषधाच्या दुकानासमोर काय शोधताय? तिथं गेल्या शुक्रवारी लावली होतीत. आज कोर्टाजवळ. मघाशी फुशारकी मारलीत ना फोनवर?"

मग सगळं ध्यानात आलं. मी विसरलो नव्हतो, हे महत्त्वाचं. गेल्या शुक्रवारची जागा, त्याआधीच्या शुक्रवारची जागा, सगळं शाबूत होतं, नुसतं एकात एक सरमिसळ झालेलं. सारख्या दिसणाऱ्या आठवणी वेगवेगळ्या खणांत ठेवायचं काम हिप्पोकॅम्पसमधल्या डेन्टेट जायरस या भागाचं मानतात. माझ्याकडं तो बहुधा चतुर्थीच्या सुट्टीवर गेला असावा. हेन्री मोलेसन यांचं मात्र खरोखर वाईट झालं होतं. अपस्मारासाठी 1953 मध्ये शस्त्रक्रिया करून त्यांच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला आणि नव्या आठवणी बनणंच थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर त्यांना वर्षानुवर्षं भेटत होत्या, पण मोलेसनना प्रत्येक भेट पहिलीच. तरी आरशात बघून चांदणीची आकृती काढायला त्यांचा हात शिकला, कारण हाताची सवय दुसरीकडं साठते. माझाही हात अ‍ॅक्टिव्हा छान चालवतो. ती कुठं आहे एवढंच त्याला कळत नाही.

कोर्टाजवळ ती होती. ओली, एकटी, माझीच. चिबूड पायापाशी ठेवला, नारळ डिकीत कोंबले, आणि तेवढ्यात पुन्हा फोन.

"सगळं मिळालं ना? शिपटं बघून घेतलंत?"

मी हुकाकडं पाहिलं. शिपटं या हुकाला नव्हतं. ते त्या गृहस्थांच्या स्कूटरला लटकून एव्हाना कुणाच्या माटोळीकडं निघालं होतं कोण जाणे.

"येतो," म्हटलं, स्कूटर सुरू केली आणि बाजाराच्या तोंडाशी पुन्हा जागा शोधू लागलो.