‘वीसच्या आत आहोत, आपल्याला काही लागत नाही’: मार्चअखेरच्या त्या मेसेजला उत्तर

मार्च उजाडला की ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे-महापेपर्यंतच्या गाळेवाल्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. यंदाचा सारांश असा: वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा), बोनस, प्रोफेशनल टॅक्स काहीच लागू नाही. ३१ मार्चला वहीत तरतूद टाका (देणं न भरताच खर्च म्हणून लिहा), पैसे सवडीने भरा, खर्च, म्हणजे उत्पन्नातून वजावट, मिळतोच. १२ लाखांपर्यंत कर नाही, तेव्हा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) विसरा. कामगारांना पाच हजार रोख भेट द्या, करमुक्त आहे. आणि घरच्यांच्या नावाने पगार काढा.

खाली ‘जास्तीत जास्त उद्योजकांपर्यंत पोहोचवा’ असंही असतं. पोहोचतो, म्हणूनच हे उत्तर. यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं आहे आणि नेमकं तेच महाग पडतं. पुढचं सगळं २०२५-२६ या वर्षापुरतं आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो.

आधी वीसचा आकडा. पीएफसाठी तो बरोबर आहे. पण कारखान्याला ईएसआय १० माणसांवर लागतो: २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. महाराष्ट्रात कामगार कल्याण निधी पाच माणसांपासून सुरू होतो, जून आणि डिसेंबरमध्ये, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. रक्कम इतकी किरकोळ की बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. प्रोफेशनल टॅक्सला तर किमान संख्याच नाही. एकच माणूस कामाला आहे आणि त्याचा पगार १०,००० च्या वर आहे, तरी महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापायचे. महिलांना मात्र २५,००० पर्यंत माफी आहे. मेसेज ज्या दिवसाबद्दल इतकं बोलतो त्या ३१ मार्चलाच, वर्षाचा भरणा एक लाखाच्या आत असलेल्या मालकाचं प्रोफेशनल टॅक्सचं वार्षिक विवरणपत्र भरायचं असतं, मार्च ते फेब्रुवारीच्या पगाराचं. त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही.

बरं, वीस मोजायचे कसे? हजेरीपटावर बारा जण आणि ठेकेदाराचे नऊ हेल्पर, असं चित्र आपल्याकडे गाळ्यागाळ्यात दिसतं. मालक सांगतो बारा. पीएफच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत घेतलेला माणूसही कामगारच असतो, म्हणजे झाले एकवीस. एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं पंधरावर आली तरी तो सुटत नाही. बोनसचं आणखी कडक: हिशोबाच्या वर्षात एखाद्या दिवशीही वीस जण कामावर असले, तरी कायदा लागू होतो. जुन्या बोनस कायद्यातही हेच होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या वेतन संहितेतही हेच आहे. सीझनला दोन महिने माणसं वाढवणाऱ्या पॅकिंगवाल्यांनी जुनी हजेरी काढून बघावी.

आता तरतुदीचा मुद्दा. इथे सगळ्यात जास्त पैसे जातात.

मालकाचा पीएफचा हिस्सा आणि बोनस यांच्यापुरतं मेसेजचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ३१ मार्चला देणं उभं केलं आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत प्रत्यक्ष भरलं, तर आयकर कायद्याच्या कलम ४३बी प्रमाणे त्याच वर्षी खर्च मिळतो. कामगाराच्या पगारातून कापलेल्या हिश्शाला ही सवलत नाही. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत जमा झाला नाही, तर त्या रकमेची वजावट कायमची गेली. नंतर भरली तरी परत मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात हे स्पष्ट केलं.

आकडे मांडू. भागीदारी फर्म, २२ कामगार, प्रत्येकाचं पीएफ वेतन १५,०००. कामगारांचा हिस्सा प्रत्येकी १,८००, एकूण ३९,६००. चलन १५ ऐवजी २० तारखेला भरलं. पीएफ कार्यालयाचं व्याज दीडशे रुपयांच्या आत, दंड वेगळा. मालक म्हणतो, एवढंच ना! पण ३९,६०० उत्पन्नात मिळवले जातात आणि ३१.२ टक्क्यांनी १२,३५५ रुपये कर बसतो. पाच दिवसांचा, आणि तोही एकाच महिन्याचा. पार्टीचं पेमेंट आलं की चलन भरू ही सवय असलेल्यांनी वर्षभराची बेरीज स्वतःच करावी. मार्चच्या पगारातून कापलेल्या पीएफची तारीख १५ एप्रिल.

बोनसमध्ये यंदा एक वेगळीच गंमत आहे. बोनस द्यायला वर्ष संपल्यापासून आठ महिने मिळतात, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, आणि आपल्याकडे तो दिवाळीलाच वाटतात. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. ऑडिट लागणाऱ्यांच्या विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ ऑक्टोबर, ऑडिट नसलेल्यांची त्याच्याही आधी. धनत्रयोदशीला बोनस वाटला तर कामगार कायद्यात तुम्ही वेळेत आहात, पण आयकरात तो खर्च पुढच्या वर्षात जाईल. बुडत नाही, पण एक वर्ष अडकतो. त्यामुळे यंदाचा बोनस ऑक्टोबरातच बँकेतून गेलेला बरा, आणि ऑडिट नसेल तर आणखी आधी.

टीडीएसबद्दल: सगळे कामगार नव्या करप्रणालीत असतील आणि कोणाचाही पगार १२.७५ लाखांवर नसेल, तर पगारावर खरंच टीडीएस येत नाही. इथपर्यंत मान्य. पण कोणी जुनी प्रणाली निवडली, तर हा १२ लाखांचा आकडा त्याला लागू नाही. म्हणून निवड लेखी घ्यावी. काहीच कळवलं नाही तर नवी प्रणाली धरायची.

या वर्षीचा खरा खड्डा दुसरीकडे आहे. १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी आलं: फर्मने भागीदाराला दिलेलं वेतन, व्याज, कमिशन वर्षाला २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. भांडवल खात्यात जमा केलं तरी लागतो. आपल्याकडे ही नोंद सप्टेंबरात ताळेबंद बसवताना होते आणि तारीख पडते ३१ मार्चची. तो टीडीएस ३० एप्रिललाच भरायचा होता! भागीदारांनी मार्चमध्येच बसून आकडा ठरवावा.

पाच हजारांची सूट वस्तू किंवा व्हाउचरला आहे. रोख दिले तर तो पगारच. शिवाय एका दिवसात एकाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्चच धरत नाहीत. भेटवस्तूंवरच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही.

राहिले घरचे. मालकाचा धंद्यात भरीव हिस्सा असेल आणि वहिनींचा, म्हणजे मालकाच्या पत्नीचा, पगार त्यांच्या तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेचा नसेल, तर तो मालकाच्याच उत्पन्नात मिळवला जातो. त्या अकाउंट्स शिकलेल्या असतील आणि रोज टॅलीवर बसत असतील, तर बाजारभावाने पगार बिनधास्त द्या, बँकेतून.