दारामागची माणसं

जुन्या विज्ञानमालिकांनी माझं आयुष्य अवघड करून ठेवलंय. मालिका साठच्या दशकातल्या, ताप मात्र मला, आत्ता.

आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दाराचंच घ्या. माझ्यापुढचा माणूस फोनवर बोलत जातो, दार सुळकन बाजूला होतं. माझी पाळी आली की ढिम्म. मी मागे सरतो, पुन्हा पुढे येतो, वरच्या त्या काळ्या डोळ्याकडे बघून हात हलवतो. काचेपलीकडची माणसं उगाचच मला ओळख देतात. शेवटी मागून एखादं पोर धावत येतं, दार त्याच्यासाठी उघडतं आणि मी त्याच्या आडून चोरासारखा आत शिरतो.

१९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अवकाशयानाच्या अमेरिकन मालिकेतल्या कॅप्टन कर्कवर ही वेळ येत नसे. तो दाराकडे न बघता तरातरा चालायचा आणि दार अदबीनं सरकायचं. का सरकणार नाही? सेटच्या भिंतीमागे कामगार उभे असायचे, इशारा मिळाला की ओढायचे! कधी त्यांची वेळ चुके आणि नट दारावर आपटे. चित्रीकरणातल्या त्या फजितीचे तुकडे चाहते आजही चवीनं बघतात. मीही बघतो, जरा जास्तच चवीनं.

त्या मालिकेत एकूण सगळा मामला असाच. दर भागात यान ग्रहावर उतरवणं खर्चाला झेपेना, म्हणून माणसांनाच विरघळवून खाली पाठवायची युक्ती निघाली. एका भागासाठी मिठाच्या फॅशनेबल डब्या आणल्या. त्या मिठाच्या वाटेचनात, तेव्हा त्या डॉक्टर मॅकॉयच्या हाती शस्त्रक्रियेची अवजारं म्हणून गेल्या. रोगी बरे व्हायचे! तिकडे ब्रिटनच्या 'डॉक्टर हू' मालिकेत डालेक नावाचे दुष्ट यंत्रासारखे जीव विश्व जिंकायला निघायचे ते तुंबलेलं सिंक मोकळं करायचा रबरी पंप रोखून. पोरं तरीही घाबरायची.

मी घाबरतो ते घरातल्या बोलक्या डब्याला, म्हणजे स्मार्ट स्पीकरला. त्याला 'कॉम्प्युटर' अशी हाक मारायची सोय आहे, थेट 'स्टार ट्रेक'च्या एंटरप्राइज यानातल्यासारखी. पण यानातला तो शांत, समजूतदार आवाज मॅजेल बॅरेट या अभिनेत्रीचा होता. म्हणजे तिथंही पडद्यामागे माणूसच. माझ्या डब्यामागे कुणी नाही, हे लगेच कळतं. "दिवा बंद कर" म्हटलं की हवामान सांगतो. आवाज चढवला की भजन लावतो.

परवा रात्री 'स्टार ट्रेक'चा १९६७ चा एक भाग लावला होता. यानाच्या संगणकात शिरलेली दुष्ट शक्ती हुसकायची म्हणून यानावरचा अधिकारी स्पॉक त्या संगणकाला गणितातल्या पायची (π) किंमत शेवटच्या अंकापर्यंत काढायला फर्मावतो, आणि तो शेवटचा अंक कधी येतच नाही. त्यानं टीव्हीतून "कॉम्प्युटर!" म्हणताच आमचा डबा उजळला. पहिल्या हाकेला! आणि सुरूच झाला, तीन पॉइंट एक चार एक पाच नऊ...

मी उठलो, अस्पष्टसं पुटपुटत भिंतीवरचं बटण दाबून दिवा बंद केला. डबा अंधारात आकडे म्हणत राहिला. स्पॉकचा हुकूम होता ना.