तिकडची कंपनी बुडाली म्हणून इकडची पॉलिसी बुडत नाही

बेळगाव-खानापुरात सध्या एक मेसेज फोनोफोनी फिरतोय: 'परदेशी भागीदारीतल्या विमा कंपनीची पॉलिसी लगेच मोडा. 2008 मध्ये अमेरिकेची एआयजी बुडाली, लोकांचे पैसे गेले. आपला हप्ताही तिकडेच जातो. भांडवलाचे नियम नुसते कागदावर.' शहापूरची माझी मावशी परवा पॉलिसीचे कागद पिशवीत घालूनच आली. तीन वर्षांचे हप्ते भरलेत. मोडली असती तर भरले त्यापेक्षा कमीच हातात आले असते.

एआयजी बुडाली नाही, अमेरिकी सरकारने वाचवली. मदतीचा आकडा 182 अब्ज डॉलरपर्यंत गेला. मोठं भगदाड पडलं ते लंडनहून कारभार करणाऱ्या तिच्या वित्तीय शाखेत. कर्जरोखे बुडाले तर भरपाई देऊ, अशी हमी तिने वाटली आणि त्यामागे पुरेसं भांडवल ठेवलं नाही. टाटांबरोबरच्या एआयजीच्या इथल्या विमा कंपन्यांचं काम चालूच राहिलं.

हप्ता तिकडे जातो, हेही चूक. विमा कायदा 1938 चं कलम 27ई पॉलिसीधारकांचा पैसा भारताबाहेर गुंतवायला मनाई करतं.

आता भांडवल. सगळी देणी बाजूला काढल्यावर कंपनीकडे नियमाने 100 कोटी उरायला हवे असतील, तर विमा नियामक किमान 150 कोटी ठेवायला लावतो. यालाच सॉल्व्हन्सी रेशो 1.5 म्हणतात. दर तिमाहीला कंपनीला तो जाहीर करावा लागतो. मावशीच्या कंपनीचा आम्ही मोबाईलवर पाच मिनिटांत बघितला. दीडच्या बराच वर निघाला.

एक शंका मात्र रास्त आहे. मूळ कंपनीने तेच भांडवल स्वतःच्या आणि उपकंपनीच्या, दोन्ही हिशोबांत दाखवलं तर? म्हणूनच देशोदेशींच्या विमा नियामकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने डिसेंबर 2024 मध्ये मोठ्या विमा गटांसाठी भांडवलाचं एकच माप मंजूर केलं. गट तीन किंवा अधिक देशांत हप्ते गोळा करणारा हवा, आणि मालमत्ता 50 अब्ज डॉलर किंवा वर्षाचे हप्ते 10 अब्ज डॉलर तरी हवेत. सगळ्या शाखांचा हिशोब एकत्र, आणि दोनशे वर्षांत एकदा येईल असा फटका सोसेल इतकं भांडवल. हा अजून कायदा नाही. प्रत्येक देशाने तो आपल्याकडे लागू करायचा आहे, आणि त्याबद्दल आग्रह धरायलाच हवा.

मेसेजच्या शेवटी क्लेम नाकारल्याची तक्रार आहे. ती खरी असू शकते, पण तो भांडवलाचा प्रश्न नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या जिल्ह्यासाठी तो पुण्यात नाही, बेंगळूरूला आहे.