‘सवयी बदला’ म्हणणाऱ्यांनी आधी नळ बघावा

पावसाळ्यात डेंग्यू-गॅस्ट्रोच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. शब्द दरवर्षी बदलतात, गाभा तोच. झोपडपट्टीतले आजार हे सवयींचे आजार. तिथल्या लोकांना पाणी, संडास, दवाखाना, आता तर इमारतीतलं घरसुद्धा फुकट, तरी दवाखाने रिकामे आणि ते आजारीच. महापालिका आणि संस्थांच्या ‘लोकसहभागा’त बैठका, बॅनर आणि चहा-बिस्किटांपलीकडे काही नाही. आणि पुरावा म्हणून शेवटी धारावी: तिथला कोरोना कुणी काही न करता आपोआप गेला. यंदा तो मामेभावानं पाठवला, म्हणून म्हटलं एकदा मुद्दे घेऊनच बोलू.

सवयींपासून सुरुवात करू. हात धुवायच्या सवयीला नळ लागतो. मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडच्या ज्या गल्ल्यांत अधिकृत जोडणी नाही, तिथे घराचं पाणी म्हणजे मोरीशेजारी ओळीनं ठेवलेले निळे कॅन, विकत आणलेले. आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला, मग भांड्यांना. भांडी विसळलेलं पाणीही फेकायचं नाही, ते मोरीला. संडासहून आलेल्या पोराच्या हातावर येतं ते पेलाभर. त्याला साबणाचं पोस्टर दाखवून काय होणार? आणि डेंग्यूचं म्हणाल, तर त्याचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. रोज नळाला पाणी आलं असतं तर पिंपं भरून ठेवायची हौस कुणाला होती?

नळ का नव्हता, तेही ऐका. झोपडी ठरावीक तारखेनंतरची असेल तर जोडणी नाही, असा नियमच होता. पाणी हक्क समितीनं वस्त्यांमधल्या लोकांना घेऊन याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. १५ डिसेंबर २०१४ ला न्यायालयानं सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर बेकायदा म्हणून ते नाकारता येणार नाही. (कायदेशीर घरांइतकंच द्या, असं मात्र म्हटलं नाही. हेही सांगायला हवं.) त्यानंतरही धोरण, अर्ज, वॉर्ड ऑफिसच्या खेपा चालूच राहिल्या. महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं ते २०२२ मध्ये. आता सांगा, सवय कुणाची बदलायला हवी होती?

फुकटचं गणित तर मला फारच आवडतं. सार्वजनिक संडासात एका खेपेला दोन रुपये धरा. पाच माणसं, दिवसातून दोनदा, म्हणजे वीस रुपये. महिन्याला सहाशे. पास काढला तर स्वस्त पडतं, पण फुकट नव्हेच. आमच्या बिल्डिंगीत संडासला जाताना कुणी सुटे शोधत नाही. बायकांचं आणखी वेगळं. पुरुषांच्या मुताऱ्या मोफत आणि बायकांकडून मात्र पैसे, यावरूनच २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. पैसे वाचवायला आणि रात्रीचं अंधारात जायला नको म्हणून बाई संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, मग लघवीला जळजळ, मग ताप. ही सवयच म्हणायची असेल तर म्हणा.

मग ‘इमारतीत नेलं तरी आजारी’. हो, नेलंच. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत उठवलेली कुटुंबं लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत आणून ठेवली. दोन इमारतींमध्ये अंतर साधारण तीन मीटर. समोरच्याच्या खिडकीत काय शिजतंय ते वासानं नाही, डोळ्यांनी कळतं. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं घराघरांत फिरून केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. या दोन वसाहतींत टीबी खूप जास्त, आणि जिथे इमारतींमध्ये मोकळी जागा आहे त्या शेजारच्या पीएमजीपी कॉलनीत त्या मानानं फारच कमी. ऊन नाही, वारा खेळत नाही, एकानं खोकलं की जंतू खोलीतच. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम सैल करणारे त्या खोल्यांत राहात नव्हते.

दवाखाने रिकामे असतात हा मुद्दा एका वाक्यात संपतो: दवाखाना दुपारी बंद होत असेल तर नाक्यावर उभं राहणाऱ्यानं दिवसाची हजेरी बुडवून केसपेपर काढायचा का? महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ची वेळ रात्री दहापर्यंत ठेवली, ती याचसाठी.

बैठका आणि चहा-बिस्किटांबद्दल मात्र मामेभावाला थोडं कबूल करतो. सायन रुग्णालयात नवजात बाळांवर उपचार करणाऱ्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था काढली. तिनं मुंबईच्या ४८ वस्त्या घेऊन चाचणी केली: निम्म्या वस्त्यांत बायकांचे गट, बैठका, गरोदरपणाविषयी चर्चा, उरलेल्या निम्म्यांत काही नाही. बाळंतपण आणि बाळांचे मृत्यू यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे त्यांनी २०१२ मध्ये स्वतःच छापलं. दडपलं नाही. पुढच्या प्रयोगात वस्तीतच केंद्र काढलं, घरभेटी आणि सेवा जोडल्या, तेव्हा कुटुंबनियोजनाच्या बाबतीत फरक दिसला. म्हणजे नुसत्या बोलण्यानं भागत नाही, हातात काहीतरी पडावं लागतं. मेसेज लिहिणाऱ्यानं यातलं ‘भागत नाही’ एवढंच उचललं.

राहिली धारावी. जुलै २०२० च्या सर्वेक्षणात मुंबईतल्या वस्त्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली, वस्तीबाहेर १६ टक्के. हा आकडा धारावीचा म्हणून फिरतो: निम्म्याहून जास्त लोकांना होऊन गेला, म्हणून साथ आपोआप संपली, असं. पण ते सर्वेक्षण तीन वॉर्डांत झालं आणि धारावी ज्यात येते तो जी-उत्तर वॉर्ड त्यात नव्हताच. संसर्ग पसरलाच नाही, असा दावा मीही करणार नाही. पण ‘कुणी काही न करता’? पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला. त्यानंतर स्थानिक खासगी डॉक्टर पालिकेच्या पथकांबरोबर पीपीई किट घालून उकाड्यात गल्लीगल्ली फिरले. सत्तेचाळीस हजारांवर लोक त्यांनी तपासले. वीस रुपयांचं औषध उधार देणारा ओळखीचा डॉक्टर दारात आला की ताप लपवावासा वाटत नाही. शाळा, क्रीडासंकुलं विलगीकरणाला घेतली, कारण दहा बाय दहाच्या खोलीत ‘वेगळं राहा’ म्हणणं ही थट्टाच होती. आणि धारावीतल्या बहुतेकांचे संडास सार्वजनिक, म्हणून ते दिवसातून अनेकदा धुवून निर्जंतुक केले जात होते. आता ते किती वेळा धुतले जातात, हे मामेभावानं एकदा सकाळी सहाच्या रांगेत उभं राहून बघून यावं. सुटे मी देतो.