चेहऱ्याचा जीएसएम

गेल्या शनिवारी 64 वर्षांचा एक माणूस मला 'काका' म्हणाला. आज बुधवार आहे आणि ते अजून घशाखाली उतरलेलं नाही. मी 49 चा आहे. आधार कार्डावर तसं आहे, शाळेच्या दाखल्यावर तसं आहे, आणि आईच्या हिशोबाने मी सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरायच्या आदल्या आठवड्यात झालो, त्यामुळे यात घोळ व्हायला जागाच नाही.

निमित्त साधंच. भाचीचं केळवण. "साडी सगळेच देतात, तिला ते तोंडाला लावायचं काहीतरी भारीतलं आणा," असा घरून हुकूम निघाला. सात रस्त्याकडे तसलं एक दुकान नवीन झालंय. बाहेर 42 डिग्री, आत एसी. नुसत्या एसीसाठी मी पंधरा मिनिटं जास्त रेंगाळलो हे कबूल करतो, आणि तिथंच फसलो.

काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "सर, फ्री स्किन ॲनालिसिस करून घेणार का?" फुकट म्हटल्यावर सोलापूरचा माणूस लिव्हरसुद्धा तपासून घेईल. तिने गालाला एक दिवा लावलेला कॅमेरा टेकवला. पडद्यावर जे उमटलं ते माझं आहे यावर माझा आधी विश्वास बसेना. मे महिन्यात उजनीचं पाणी आटल्यावर उघडा पडलेला गाळ पाहिलाय का? तसं. मध्येच ते चित्र गोठलं तेव्हा इतका वेळ 'टेक्स्चर' आणि 'एलास्टिसिटी'त बोलणारी ती पोरगी मागे वळून ओरडली, "ए, वायर बघ बे!" आणि लगेच पुन्हा माझ्याकडे वळून मधाळ झाली. मला तेवढ्यानेच जरा धीर आला. आपल्याकडचीच आहे.

"सर, तुमची स्किन एज 61 आलीय." डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

"माझं बघा की ओ," मागून कोणीतरी म्हणालं.

काउंटरशेजारच्या एकुलत्या एका खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायाशी तीन पिशव्या. बायको आणि सून लिपस्टिकच्या बाजूला गेल्या होत्या आणि तासभर तरी परत येणार नाहीत, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत त्यांचं टॉवेलचं प्रोसेसिंग आहे. वय 64, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. कॅमेरा लावला. पडद्यावर 52.

मालकांनी शर्टाची कॉलर नीट केली. मशीनकडे जाणकाराच्या नजरेनं पाहिलं, म्हणाले, "मशीन चांगलं आहे." मग माझ्याकडे वळले, उठले, आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा की काका. मी उभारतो."

मी बसलो. हे लिहिताना सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतंय, की मी बसलो.

मग त्या पोरीने कपाटातून डबी काढली आणि कथा सुरू झाली. कंपनीचं नाव सांगत नाही, पण कथा तुम्ही ऐकलेली असणार, कारण सगळ्यांची एकच आहे. एक बर्फाळ डोंगर. तिथं एक शास्त्रज्ञ वाट चुकतो. त्याला एक म्हातारी मेंढपाळ भेटते. वय 90, गालावर सुरकुती नाही. शास्त्रज्ञ विचारतो, आजी, रहस्य काय? आजी बर्फात फुलणाऱ्या एका फुलाकडे बोट दाखवते. पुढे कित्येक वर्षं संशोधन, आणि मग ही डबी. 50 मिली, 5,400 रुपये.

मी नंदीसारखी मान हलवत होतो. मालकांनी मात्र हात वर केला, शाळेत करतात तसा.

"ताई, त्या म्हातारीला काय मिळलं?"

"सर?"

"फूल तिनं दाखवलं की. डबीमागं काही रुपये जातेत का तिला?"

ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं. पोरगी म्हणाली, "सर, ती आता नसेल." मालक म्हणाले, "मग पोराबाळांना?" आणि मला उद्देशून, "मेंढरं आपल्या सांगोल्यातबी हायत ओ. तिथल्या म्हाताऱ्यांचं तोंड बघा एकदा. ऊन खाऊन नुसतं घोंगडं झालंय. त्यांच्याकडं कोण वाट चुकत नाही."

डबी उघडली गेली. माझ्या मनगटावर मटाराएवढा थेंब पडला. मालकांनी न विचारता माझं मनगट धरलं, अंगठ्याने तो थेंब चोळला, दोन बोटांत घेऊन बोटं एकमेकांवर सरकवली, वास घेतला, डोळे मिटले. सूत पारखताना करतात तसं. मी तोवर हात वर धरून खुर्चीत. समोरून एक बाई मुलाला घेऊन चालली होती, ती थांबली. तिला वाटलं असेल, नाडीपरीक्षा चाललीय.

"सिलिकॉन आहे," मालक म्हणाले.

"नाही सर, आल्पाइन बोटॅनिकल..."

"खोकं द्या."

खोक्याच्या मागच्या बाजूला मुंगीने पाय पुसल्यासारखी अक्षरं होती. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोट फिरवत गेले. पाणी. ग्लिसरीन. तिसऱ्या नंबरला डायमेथिकोन, म्हणजे सिलिकॉनच. "हे बघा," ते म्हणाले. त्या आवाजात खरंच विजय नव्हता. मोठ्या शहरात आपल्या गावचं कोणी भेटल्याचा आनंद होता. "आमच्याकडं ड्रमनं येतं ह्याच्या जातीतलं. टॉवेलाला शेवटी सिलिकॉनचं सॉफ्टनर देतो. दुकानात गिऱ्हाईक हात फिरवतंय, तेव्हा असं लोण्यासारखं लागलं पायजे. दोन धुण्यात उतरतंय. पण तवर बिल झालेलं असतंय."

"आणि फूल?" मी विचारलं. एव्हाना मलाही त्या म्हातारीची काळजी लागली होती.

फूल होतं. बोट बरंच खाली गेल्यावर, वासाच्या द्रव्यांच्या शेजारी, लॅटिन नावाने. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहायची आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कसेही लिहिले तरी चालतात, हा नियम मला नंतर कळला. मालकांना तो माहीत नव्हता, पण त्यांनी जो प्रश्न विचारला तो नियमाच्या बापाला भारी होता.

"ताई, ह्यात टक्के कुठंत? आमच्या टॉवेलावर शंभर टक्के कॉटन लिहावं लागतंय. जीएसएम विचारतेत, म्हंजे चौरस मीटरला किती ग्रॅम. काउंट विचारतेत, म्हंजे सूत किती बारीक. दीडशे रुपयाचा टॉवेल घेणारा माणूस विचारतोय, मालक, चारशे पन्नासचा जीएसएम हाय का पाचशेचा? इथं साडेपाच हजाराला फूल किती ग्रॅम तेबी लिहिलं नाही?"

"सर, तो फॉर्म्युला सीक्रेट असतो."

"सीक्रेट." मालकांनी तो शब्द जिभेवर फिरवून पाहिला. त्यांना तो फार आवडला. मोबाइल काढून त्यांनी गुणाकार केला. "एमेल आणि ग्रॅम एकच धरू. किलोला एक लाख आठ हजार." मग शेजारच्या छोट्या डबीकडे बोट. "ही?" 15 मिली, 1,950. पुन्हा गुणाकार. "एक लाख तीस हजार. म्हंजे गरिबाला महाग." एवढं बोलून माझ्याकडे पाहून हसले, कारण मी नेमकी तीच डबी हातात घेतली होती.

हो, घेतली. दोन घेतल्या. एक भाचीला, आणि एक कशाला ते विचारू नका. 61 हा आकडा तुमच्याही गालावर चिकटवला असता तर तुम्हीही घेतली असती. पैसे देताना पोरगी म्हणाली, "सर, याने 72 तास हायड्रेशन राहतं." आमच्या भागात नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं. ते आलं की आम्ही पिंप, बादल्या, कुकर, एकदा तर क्रिकेटचं हेल्मेटही भरून ठेवलंय. शहराला 72 तास पाणी पुरवणं अजून कोणाला जमलेलं नाही, आणि गालाला मात्र 15 मिलीत पुरतं.

रात्री झोप येईना, तेव्हा वाचत बसलो. म्हातारीची आणि शास्त्रज्ञाची जोडी खरोखर सगळीकडे आहे. ला मेर म्हणून अमेरिकन क्रीम आहे, त्यांच्या कथेत मॅक्स ह्यूबर नावाचा अंतराळ-विज्ञानातला माणूस प्रयोगशाळेत भाजतो, 12 वर्षं खपतो, 6,000 प्रयोग करतो आणि समुद्री शेवाळ आंबवून रसायन काढतो. आंबवताना त्याला प्रकाश आणि आवाज देतात म्हणे. आमच्याकडे इडलीचं पीठ विनासंगीत आंबतं. 1995 मध्ये एस्टी लॉडर कंपनीने तो ब्रँड घेतला. त्या मूळ क्रीमच्या यादीत शेवाळाच्या पाठोपाठ कोण, तर मिनरल ऑइल आणि पेट्रोलॅटम. पेट्रोलॅटम म्हणजे व्हॅसलिन. जपानी एसके-टूच्या कथेत साकेच्या भट्टीतले म्हातारे कामगार आहेत, तोंडावर सुरकुत्या आणि हात मात्र बाळासारखे. त्यावरून यीस्ट शोधलं. तिथंही मला मालकांचाच प्रश्न पडला. त्या हातांना काय मिळालं?

व्हॅसलिनवाल्या रॉबर्ट चेसब्रोची कथा मात्र मला पटली. 1859 मध्ये तो पेनसिल्व्हेनियात तेलाच्या विहिरींवर गेला, तिथले कामगार पंपाच्या दांड्यांना चिकटणारं मेण भाजल्या-कापल्यावर चोळतात हे त्याने पाहिलं, ते साफ केलं आणि 1872 मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या कथेत म्हातारी नाही, डोंगर नाही, चक्क काळं मेण आहे. तो रोज चमचाभर व्हॅसलिन खायचा म्हणतात, आणि 96 वर्षं जगला. यातून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, मी खाणार नाही.

आणि मग एक वाक्य सापडलं, ज्यानंतर मी मोबाइल उलटा ठेवला. आपल्या 1940 च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात प्रसाधन म्हणजे काय, तर स्वच्छ करणं, सुंदर करणं, आकर्षक करणं किंवा रूप बदलणं यासाठी लावायची वस्तू. बरं करणं हे काम औषधाचं. म्हणून जाहिरातीत सुरकुत्या कधी 'जात' नाहीत, 'कमी दिसू लागतात'. सगळा धंदा त्या 'दिसू' मध्ये आहे. कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन म्हणजे कॉलेजन. ते चोळायची क्रीमं मिळतात, पण कॉलेजनचा रेणू इतका दांडगा की कातडीतून आत जातच नाही, दारातच बसून राहतो, माझ्यासारखा, खुर्चीत. उन्हापासून वाचवणारं सनस्क्रीन खरं काम करतं. एसपीएफ 30 चं नीट लावलं तर कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांतले सत्याण्णव टक्के अडवतं. पण त्यात म्हातारी नाही, त्यामुळे ते मला कोणी दाखवलंच नाही, तेही 42 डिग्रीतून घामाघूम आत आलेल्या माणसाला.

मला हसू येत होतं ते इथं जरा थांबलं. आमच्या ताईला बघायला यायचे तेव्हा आई आठ दिवस आधीपासून तिला गोरं करायची ट्यूब लावायची. ती ट्यूब 1975 पासून बाजारात होती. ताई सावळी होती, सावळीच राहिली. दोन ठिकाणांहून 'मुलगी छान आहे, पण' असा निरोप आला. त्या 'पण'नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला बसायची, आणि त्या दिवशी पोळ्या फार पातळ व्हायच्या. 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. पंचेचाळीस वर्षांनी एक शब्द. ताईची मुलगी म्हणजेच ही भाची, जिच्या केळवणाला मी डबी घेऊन निघालो होतो. तिचा रंग आईचाच आहे. डबीवर 'ब्राइटनिंग' लिहिलंय हे मी घरी आल्यावर पाहिलं.

दिली नाही. साडी दिली. बायको म्हणाली, हेच मी पहिल्यांदा म्हणाले होते. ती म्हणाली नव्हती, पण ते असो.

दोन्ही डब्या आता न्हाणीघराच्या फळीवर आहेत. माझी मी तीन रात्री लावली. सकाळी आरशात 61 च. परवा रात्री बायको पलंगावर बसून काहीतरी चोळताना दिसली. टाचांना. भाचीची डबी अर्धी संपली होती. "अहो, हे भेगांना मस्त आहे," ती म्हणाली, "व्हॅसलिनसारखंच." मी मनातल्या मनात किलोचा भाव काढला आणि दुसऱ्या कुशीवर वळलो. तिच्या टाचा खरंच मऊ झाल्यात, हे मात्र लिहिलं पाहिजे.

मालकांना मी निघताना सांगून बसलो होतो की बँकेत आहे आणि जरासं लिहितो. त्यांनी लगेच नंबर घेतला. "लिहिताव? मग आमच्या टॉवेलाला एक म्हातारी लिहून द्या की." मला वाटलं गंमत करतायत. काल एक पोरगं गाडीवरून दोन टॉवेल देऊन गेलं, आणि सोबत निरोप की शनिवारपर्यंत चार ओळी हव्यात, 'डोंगर नसला तरी चालंल, शास्त्रज्ञ पायजे.'

टॉवेल सुंदर. हात फिरवला की लोणी. आज सकाळी तोंड धुऊन त्यातला एक चेहऱ्यावर घेतला. पाणी काही टिपेना. नुसतं कपाळावरून गालावर, गालावरून हनुवटीवर, सगळीकडे सारखं पसरत राहिलं. ओल्या तोंडानेच फोन लावला.

"सॉफ्टनर जरा जास्त पडलंय त्या लॉटला," मालक म्हणाले. "दोन धुण्यात येतंय ठिकाणावर. तवर हायड्रेशन समजा की, काका."